संदर्भ-पुस्तिका हातात घेऊन संग्रहालयातले नेमके विमान कसे शोधावे

दाबोळीचे नौदल विमानन संग्रहालय पाहून आलेले हौशी लोक आपल्या वह्या मला दाखवतात, तेव्हा त्यांत एकच उणीव वारंवार आढळते. वहीत ‘सी हॉक पाहिले, आलिझे पाहिले, सी हॅरियर पाहिले’ अशी नोंद असते, पण कोणते सी हॉक आणि कोणते आलिझे, हे कुठेच लिहिलेले नसते. यांतल्या पुष्कळ जणांच्या पिशवीत चांगली संदर्भ-पुस्तिका असते, तरीही असे होते, कारण पुस्तिका कशासाठी छापलेली आहे हे नीट ध्यानात घेतलेले नसते. या संग्रहालयात कोणत्या जातीची विमाने आहेत, एवढेच सांगण्यासाठी ती छापलेली नसते. हा एक विशिष्ट सांगाडा कोणता, तो पूर्वी कुणाकडे होता आणि त्याची शेवटची खबर कुठून व केव्हा आली, हे सांगण्यासाठी ती असते. म्हणून पुस्तिका वापरण्याची एक रीत आहे आणि त्या रीतीतला क्रम मोडला की पुढचे सगळे काम वाया जाते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडून गोव्याला जाणाऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून तो क्रम खाली दिला आहे. मुंबईकडच्या किंवा देशाबाहेरच्या संग्रहालयांसाठीही तोच चालतो.

टप्पा १ : हातातली पुस्तिका कोणत्या प्रकारची आहे, ते ओळखा

या पुस्तिका मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात देश, त्याखाली गाव, गावाखाली संग्रहालय आणि शेवटी तिथल्या विमानांची यादी अशी रचना असते. दुसऱ्या प्रकारात एकेक जात घेऊन त्या जातीची जगभरात शिल्लक राहिलेली विमाने दिलेली असतात. तिसरा प्रकार म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक विमानाची क्रमवार नोंदवही. प्रवासाची आखणी पहिल्या प्रकारावरून करावी, ओळख पटवण्यासाठी दुसरा वापरावा आणि शंका उरलीच तर तिसऱ्याकडे जावे. नोंदवहीवरून प्रवास आखणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण विमान कारखान्यातून कधी निघाले हे तिथे कळते, आज कुठे उभे आहे हे क्वचितच कळते.

विकत घेण्यापूर्वी पुस्तिकेची भौगोलिक व्याप्ती पाहणे अत्यंत गरजेचे आहे. ‘रेक्स अँड रेलिक्स’ हे या क्षेत्रातले फार गाजलेले नाव. १९६१ पासून निघत आलेली ही पुस्तिका नावाजलेली आहे म्हणून आपल्याकडचे काही जण ती मागवतात, आणि हातात आल्यावर कळते की तिच्यात ब्रिटन व आयर्लंड एवढेच आहे. भारताचे पान तिच्यात नाही. भारतातील संग्रहालयांसाठी युरोप-अमेरिकेबाहेरच्या देशांचा खंड लागतो. एअर-ब्रिटनसारख्या हौशी अभ्यासकांच्या संस्थांनी असे खंड काढलेले आहेत.

पुस्तके विकत घेणे परवडत नसेल, तर जिल्ह्याच्या किंवा पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करताना ‘विमानांची पुस्तके’ असे मोघम विचारू नये. दशांश वर्गीकरणात हा विषय एका कपाटात बसत नाही. विमानविद्या ६२९.१३ खाली, लष्करी विमाने ६२३.७४६ खाली, हवाई दले ३५८.४ खाली, नौदलाचा हवाई विभाग ३५९.९४ खाली आणि नागरी हवाई वाहतूक ३८७.७ खाली जाते. हे पाच आकडे चिठ्ठीवर लिहून ग्रंथपालांच्या हाती दिले की शोध अर्ध्या तासात होतो.

टप्पा २ : विमानांच्या यादीआधी तीन पाने वाचा

पुस्तिका उघडली की बोट थेट ‘भारत’ शब्दावर जाते. तसे होऊ देऊ नये. आधी ही तीन पाने वाचावीत आणि त्यांतला मजकूर पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने उतरवून ठेवावा.

पहिले पान प्रकाशनाच्या तारखेचे. येथे छपाईचे वर्ष पुरेसे नाही. माहिती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे हे प्रस्तावनेत बहुधा दिलेले असते, ते शोधावे. याचे महत्त्व दोन उदाहरणांवरून पटेल. मुंबईत जुनी विक्रांत ही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून उभी होती आणि तिच्यावर विमाने मांडलेली होती. २०१२ मध्ये ती लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये मोडीत निघाली. त्यापूर्वीच्या पुस्तिकेत मात्र मुंबईच्या पानावर ती आजही आहे. त्यातच २०२२ मध्ये नव्या विक्रांतचा नौदलात समावेश झाल्याने नावावरून घोटाळा आणखी वाढतो. याच्या उलट बाजूचे उदाहरण विशाखापट्टणमचे. नौदलाची तुपोलेव्ह १४२ विमाने २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त झाली आणि त्याच वर्षाअखेर त्यांपैकी एक तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभे राहिले. २०१६ ची पुस्तिका त्याविषयी काहीच सांगणार नाही, आणि त्यात तिचा दोषही नाही. दाबोळीचे संग्रहालयच १९९८ चे असल्यामुळे त्याआधीच्या पुस्तिकेत त्याचे पान शोधू नये.

दुसरे पान खुणांच्या खुलाशाचे. विमानापुढे कंसात छापलेले एकदोन अक्षरी संकेत असतात. विमान लोकांना पाहता येते की आतल्या आवारात आहे, साठवणीत आहे की दुरुस्तीला, ते पूर्ण आहे की फक्त नाकाचा भाग, खरे आहे की प्रतिकृती, हे सर्व त्या संकेतांत सामावलेले असते. प्रत्येक प्रकाशकाचे संकेत वेगळे असतात, त्यामुळे एका पुस्तिकेची सवय दुसरीला लावू नये. साठवणीची खूण न वाचता ‘विमान आहे’ एवढेच वाचून लांबचा प्रवास करणारे लोक मी पाहिले आहेत. अशा वेळी ते विमान कुलूपबंद शेडमध्ये असते आणि दारावरचा पहारेकरी नियमानेच नाही म्हणतो.

तिसरे पान गावांच्या सूचीचे. परदेशी संपादक जुनी इंग्रजी रूपे सहज वापरतात, त्यामुळे कोची हे कोचीन खाली, पुणे हे पूना खाली, मुंबई हे बॉम्बे खाली आणि विशाखापट्टणम हे कधी विझागापटम तर कधी विझाग खाली सापडते. दाबोळीच्या संग्रहालयाचीही अशीच गत आहे. कुठे ते गोवा खाली, कुठे दाबोलिम खाली, कुठे वास्को खाली, तर कुठे बोगमाळो खाली दिलेले असते. चारही ठिकाणे पाहिल्याशिवाय ‘पुस्तिकेत नाही’ असे म्हणू नये.

तपासा : माहितीचा शेवटचा महिना, संकेतांचा खुलासा आणि गावाचे पर्यायी रूप या तिन्ही गोष्टी कोऱ्या पानावर उतरल्या आहेत का? नसल्यास पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : विमान त्याच्या कारखान्याच्या नावाखाली शोधा

सर्वाधिक वाचक येथे अडतात, म्हणून या टप्प्यावर थोडे जास्त थांबतो. संग्रहालयाच्या पानावर विमाने आकारमानाने किंवा वयाने लावलेली नसतात. ती बनवणाऱ्या कारखान्याच्या नावानुसार इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली असतात. आपल्या तोंडी जे नाव असते, ते बहुधा पुस्तिकेतले पहिले नाव नसते.

चेतक हेलिकॉप्टरचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे त्याला चेतकशिवाय दुसरे नाव कोणी घेत नाही. मूळ रचना मात्र फ्रेंच आल्यूएत ३ ची आणि आपल्याकडचे उत्पादन हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे. त्यामुळे एका पुस्तिकेत ते हिंदुस्तान खाली, दुसरीत सूद किंवा एरोस्पासियाल या फ्रेंच कारखान्यांच्या नावाखाली मिळते आणि ‘चेतक’ हा शब्द कधी कधी शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत असतो. सी किंग हेलिकॉप्टर रचनेने सिकॉर्स्कीचे, पण आपल्या नौदलाची सी किंग वेस्टलंड या ब्रिटिश कारखान्याची. म्हणून ते वेस्टलंड खाली पाहावे. सी हॉकच्या बाबतीत तर वाचक हमखास चुकतो. रचना हॉकर कंपनीची, पण बहुतेक सी हॉक बांधली आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कारखान्याने, त्यामुळे काही संपादक ते अगदी सुरुवातीच्या ‘ए’ अक्षराखाली देतात तर काही ‘एच’ खाली. सी हॅरियरही तसेच. ते हॉकर सिडली खाली नसेल तर ब्रिटिश एरोस्पेस खाली पाहावे. आलिझे ब्रेगे या कारखान्याच्या नावाखाली मिळते. व्हँपायर आणि डव्ह यांच्यासाठी ‘डी हॅविलंड’मधला ‘डी’ धरायचा की ‘एच’, यावरही एकमत नाही; दोन्ही पाहावेत. सीलंड हे लहान उभयचर विमान शॉर्ट कारखान्याचे, आणि ‘शॉर्ट’ हा शब्द आखूड या अर्थाने वाचून त्यावरून डोळा पुढे सरकलेले निदान दोन जण मला ठाऊक आहेत.

हा सीलंडचा मुद्दा सोडवत नाही, कारण दाबोळीच्या आवारातले ते सर्वांत दुर्मीळ विमान आहे. एकूण पंचविसाच्या आसपासच सीलंड तयार झाली, त्यांतली दहा भारतीय नौदलाने घेतली होती. ज्याला जेट पाहायची घाई असते तो या बुटक्या, होडीच्या पोटाच्या विमानासमोरून न थांबता निघून जातो. जातवार पुस्तिका आधी वाचलेली असेल, तर पाऊल आपोआप तिथे थबकते.

करायचे ते असे. पाहावयाच्या प्रत्येक विमानासाठी एका ओळीत तीन नावे लिहावीत : आपल्याकडचे प्रचलित नाव, रचना करणारा कारखाना आणि प्रत्यक्ष बांधणारा कारखाना. तिन्ही नावांखाली शोधून झाल्यावरच त्या ओळीपुढे खूण करावी.

टप्पा ४ : कोणता आकडा कशाचा, हे घरीच ठरवा

विमानाच्या अंगावर आणि पुस्तिकेत मिळून निदान चार तऱ्हेचे आकडे येतात. कारखान्याने दिलेला उत्पादन क्रमांक जन्मभर बदलत नाही. नागरी नोंदणी मालक आणि देश यांच्याबरोबर बदलू शकते; भारतात ती ‘व्हीटी’ने सुरू होते. लष्करी क्रमांक दलानुसार बदलतो. नौदलात तो ‘आयएन’ आणि पुढे तीन आकडे असा असतो, तर हवाई दलात अक्षरे आणि पुढे आकडे अशी वेगळी पद्धत आहे. चौथा म्हणजे तुकडीचा, म्हणजे स्क्वाड्रनचा क्रमांक. तो विमानाचा नसतोच. तो माणसांच्या आणि विमानांच्या एका गटाचा असतो.

दाबोळीच्या आवारातले लॉकहीडचे प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन या चारही गोष्टी एकत्र शिकवते. ही विमाने एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तिथून १९७६ मध्ये नौदलाकडे आली, त्यामुळे एकाच सांगाड्याला नागरी नोंदणी, हवाई दलाचा क्रमांक आणि नौदलाचा क्रमांक असे तीन पोशाख मिळाले. आज त्याच्यावर ‘आयएन ३१५’ हा नौदलाचा क्रमांक आहे. पुस्तिकेत त्याच ओळीत जुने क्रमांक तिरप्या रेषांनी किंवा कंसात दिलेले असतात. ती तीन वेगवेगळी विमाने नसतात. ती तीन ओळी समजून दोन ‘हरवलेली’ विमाने शोधत आवाराला चार फेऱ्या मारलेल्या एका वाचकाचे मला मनापासून वाईट वाटले, कारण चूक त्याची नव्हती; त्याला ही खूण कुणी समजावलीच नव्हती.

आता तुकडीच्या आकड्याची फसगत पाहा. ‘आयएन ३१५’ हा या एका विमानाचा क्रमांक. ‘आयएनएएस ३१५’ ही मात्र नौदलाची एक तुकडी, आणि ती याच दाबोळीच्या तळावरून इल्युशिन ३८ विमाने उडवत असे. नौदलाची सुपर कॉन्स्टेलेशन ज्या तुकडीत होती तिचा क्रमांक ३१२. म्हणजे अंगावर ३१५ असलेले विमान ३१२ च्या तुकडीतले आणि ३१५ ची तुकडी दुसऱ्याच जातीच्या विमानांची. वहीत नुसते ‘३१५’ लिहून घरी आलेल्या माणसाला महिन्याने यातले काहीही सांगता येणार नाही. म्हणून आकड्याच्या आधीची अक्षरे कधीही गाळू नयेत.

सावधान : नाकावर किंवा शेपटावर मोठ्या अक्षरांत रंगवलेले दोन आकडे हे बऱ्याचदा पूर्ण क्रमांकाचे शेवटचे अंक असतात. तेवढ्यावर ओळख पटली असे मानू नये. पूर्ण क्रमांक धडाच्या मागच्या भागावर शोधावा.

टप्पा ५ : स्वतःचा तपासणी-कागद तयार करा

पुस्तिका आवारात उघडून ओळीवर ओळ खोडत जाणे ही सोयीची पण घातक पद्धत आहे. त्याऐवजी आडव्या कागदावर सहा रकाने आखावेत : जात, कारखाना, पुस्तिकेतला क्रमांक, प्रत्यक्ष दिसलेला क्रमांक, तो कुठे दिसला, आणि शेरा. पुस्तिकेतल्या क्रमांकाचा रकाना घरी भरावा आणि मग त्या रकान्यापुरता कागद मागे दुमडून चिकटपट्टीने बंद करावा. हे पोरखेळासारखे वाटेल, पण त्याचे कारण माझ्याच एका फजितीत आहे. एका संग्रहालयात मी आधी पुस्तिकेतला क्रमांक वाचला आणि मग विमानाकडे पाहिले. पुस्तिकेत शेवटचा अंक ३ होता, म्हणून मलाही ३ दिसला. घरी छायाचित्र मोठे करून पाहिले, तर रंगाचे पापुद्रे निघून डाव्या बाजूच्या दोन कडा गेलेल्या ८ चा तो ३ झाला होता. समोरचा आकडा डोळ्यांनी वाचण्याआधीच मनाने ठरवलेला होता.

कागदाबरोबर न्यायचे सामान मोजकेच असावे : शिसपेन्सिली दोन, लहान दुर्बीण, प्लॅस्टिकचे पाकीट, जास्तीचे कोरे कागद. पेन नको. कोकणात दमट हवेत बॉलपेन कागदावर अडखळते आणि शाईचे पेन पहिल्याच सरीत धुऊन जाते.

टप्पा ६ : निघण्यापूर्वीची खातरजमा आणि वाट

जुन्या पुस्तिकांत ‘गोवा विमानतळाजवळ’ असा पत्ता असतो. तो ज्या काळी छापला, तेव्हा गोव्यात प्रवासी विमानतळ एकच होता आणि तो दाबोळीचा. जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला आहे, आणि सावंतवाडी-बांद्याकडून येणाऱ्याला तोच जवळचा पडतो. पुस्तिकेवर भरवसा ठेवून मोपाला उतरलेल्या कुटुंबाला तिथून पुढे संपूर्ण गोवा ओलांडून मुरगाव तालुक्यात जावे लागले होते. संग्रहालय दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर आहे, हे कागदाच्या माथ्यावर लिहूनच ठेवावे. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी थिवी किंवा करमळीला न उतरता मडगावपर्यंत यावे आणि तिथून वास्कोच्या दिशेने बस अथवा टॅक्सी धरावी.

संग्रहालय सोमवारी बंद असते. सणाच्या व सरकारी सुट्टीच्या दिवशीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारावी. फोनवर ‘संग्रहालय उघडे आहे का?’ एवढेच न विचारता आणखी एक प्रश्न विचारावा : बाहेरच्या आवारात रंगकाम किंवा दुरुस्ती सुरू आहे का? खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानांना पुनःपुन्हा रंग द्यावा लागतो. रंगकामाच्या दिवसांत क्रमांक खरवडलेले किंवा कागदाने झाकलेले असू शकतात, आणि मग सारा खटाटोप फुकट जातो.

पावसाळा टाळता आला तर टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, त्यातही सकाळची पहिली वेळ, कारण उन्हाचा कोन तिरपा असतो आणि झिजलेली अक्षरे तिरप्या उजेडात उठून दिसतात. भर दुपारी पांढऱ्या-करड्या रंगावर नुसती चकाकी येते.

सावधान : आवाराला लागूनच नौदलाचा चालू तळ आणि धावपट्टी आहे. छायाचित्रांची परवानगी तिकिटाच्या खिडकीवर विचारून घ्यावी आणि कॅमेरा वा दुर्बीण कुंपणापलीकडे वळवू नये, मग पलीकडे कितीही आकर्षक विमान उतरत असो. छंदापायी चौकशीला सामोरे जाण्याची वेळ स्वतःवर किंवा संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांवर आणणे योग्य नाही.

टप्पा ७ : आवारातला क्रम

१. आधी कागद न काढता संपूर्ण आवाराची एक फेरी मारावी आणि विमाने फक्त मोजावीत. ही संख्या कागदाच्या कोपऱ्यात लिहावी. नंतर नोंदी या संख्येशी जुळल्या नाहीत, तर काहीतरी राहिले आहे हे तिथेच कळते.

२. आवाराचा ढोबळ नकाशा काढावा. प्रवेशद्वार, इमारत, आणि प्रत्येक विमानाच्या जागी एक आकडा. विमाने हलवली जातात, त्यामुळे पुढच्या खेपेस हा नकाशा पुस्तिकेइतकाच उपयोगी पडतो.

३. मग एकेका विमानाजवळ जाऊन चार जागा याच क्रमाने पाहाव्यात : धडाचा मागचा भाग, शेपटाचा उभा पंख, पंखांची खालची बाजू आणि नाक. दिसेल ते अक्षर न अक्षर लिहावे. अंक संशयास्पद असेल तर अंदाज न करता त्याच्या जागी प्रश्नचिन्ह घालावे. १ आणि ७, ३ आणि ८, ६ आणि ० या जोड्या नेहमी फसवतात.

४. यानंतर दोरीच्या अलीकडूनच बारकाईने पाहावे. विमानाच्या शेपटाजवळ, जिथे पाऊस सर्वाधिक मारा करतो, तिथे वरचा रंग विरून खालचा थर दिसू लागतो. एकदा एका विमानाजवळ मी गुडघ्यावर बसलो होतो. करड्या रंगाखाली जरा गडद करड्या रंगाचा, रिव्हेटांच्या ओळीवरून गेलेला जुना आकडा होता. तो वरच्या आकड्यापेक्षा बोटभर खाली सरकलेला होता आणि त्याची वळणेही निराळी होती. समोर उभे राहून तो मुळीच दिसत नव्हता. बाजूने, उन्हाकडे तोंड करून पाहिल्यावर दिसला. असा आकडा सापडल्यास तो वेगळ्या रकान्यात, ‘रंगाखालचा’ असे स्पष्ट लिहून नोंदवावा. एखादी झडप उघडी असेल तर तिच्या आतल्या बाजूला आणि चाकांच्या कप्प्यांत धातूच्या लहान पट्ट्या असतात. दुर्बिणीने वाचता आल्या तर वाचाव्यात. मात्र अशा पट्टीवरचा क्रमांक कधी कधी केवळ त्या सुट्या भागाचा असतो, संपूर्ण विमानाचा नव्हे.

५. पाच छायाचित्रे घ्यावीत : डाव्या बाजूने पूर्ण विमान, उजव्या बाजूने पूर्ण विमान, क्रमांक जवळून, शेपूट जवळून आणि माहितीचा फलक. फलक शेवटी घ्यावा, म्हणजे नंतर छायाचित्रे पाहताना एका विमानाचा गट कुठे संपला हे कळते.

सावधान : फलकावरून क्रमांक उतरवू नये. फलक बहुधा जातीविषयी असतो. त्यावरचा वेग, वजन आणि इंजिन हे त्या जातीचे असतात आणि छापलेले छायाचित्र दुसऱ्याच विमानाचे असू शकते. विमानावर चढणे, दोरी ओलांडणे, झडप उचलून पाहणे हे तर कधीच करू नये. जुन्या जोडांना आपल्या हाताचा भार सोसेलच असे नाही, आणि एकदा तुटलेला भाग पुन्हा मिळत नाही.

तपासा : नोंदवलेल्या ओळी आणि सुरुवातीला मोजलेली विमाने यांची संख्या सारखी आहे का? नसेल तर आवारातच पुन्हा फिरावे. मडगावच्या फलाटावर हा हिशेब जुळत नाही.

टप्पा ८ : दुमडलेला रकाना उघडून ताळा करा

आता, आणि आताच, दुमडलेला कागद उलगडावा. हे काम आवार सोडण्यापूर्वी एखाद्या बाकावर बसून करावे, म्हणजे शंका आल्यास विमान समोर असते.

क्रमांक जुळला तर प्रश्न मिटला. तारीख घालून खूण करावी.

जात तीच पण क्रमांक वेगळा निघाला, तर चार शक्यता मनात ठेवाव्यात. आपण चुकीचे वाचले असेल, छपाईत चूक असेल, रंगकामात चुकीचा आकडा रंगवला गेला असेल, किंवा विमानच बदलले असेल. पाचवीही एक शक्यता असते : धड एका विमानाचे आणि पंख दुसऱ्याचे. अशा जोडविमानाची ओळख अभ्यासक बहुधा धडावरून ठरवतात. सी हॉकच्या बाबतीत तर जातवार पुस्तिका उघडल्याशिवाय निर्णय देऊच नये, कारण आपल्या नौदलाची काही सी हॉक ब्रिटनकडून, तर अठ्ठावीस पश्चिम जर्मनीच्या नौदलाकडून आलेली होती. एकाच्या अंगावर त्यामुळे दोन देशांच्या नौदलांचा इतिहास असू शकतो.

पुस्तिकेत आहे पण आवारात नाही, असे झाल्यास ‘विमान नाही’ असे लिहू नये. ‘अमुक तारखेला दिसले नाही’ असे लिहावे. या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. विमान दुरुस्तीला गेले असेल, इमारतीमागे हलवले असेल, दुसऱ्या शहराला दिले असेल. कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे आणि उत्तर मिळाल्यास ते ‘कर्मचाऱ्यांच्या सांगण्यावरून’ असे म्हणून वेगळे नोंदवावे. पाहिलेले आणि ऐकलेले एका ओळीत मिसळले की पुढच्या अभ्यासकाला ते वेगळे करता येत नाही.

पुस्तिकेत नाही पण आवारात आहे, असे विमान सापडले तर छायाचित्रे दुप्पट घ्यावीत. ही नोंद सर्वांत मोलाची असते, आणि घाईघाईने टिपल्यामुळे सर्वांत जास्त वेळा तीच अर्धवट राहते.

टप्पा ९ : घरी आल्यावर

पहिल्या दोन दिवसांत पेन्सिलीच्या नोंदी शाईने स्वच्छ उतरवाव्यात, मूळ कागद मात्र फेकू नये. छायाचित्रांना कॅमेऱ्याने दिलेली नावे बदलून तारीख, ठिकाण, जात आणि क्रमांक या क्रमाने नावे द्यावीत. प्रश्नचिन्हे असलेले अंक छायाचित्र मोठे करून पाहावेत, आणि तरीही खात्री पटली नाही तर प्रश्नचिन्ह तसेच ठेवावे.

पुस्तिकेत दुरुस्ती सापडली असेल तर ती प्रकाशकाला जरूर कळवावी. या पुस्तिकांतील भारताची पाने बहुतेक भेट देणाऱ्यांच्या पत्रांवरच उभी असतात, आणि कोकणात राहणाऱ्या माणसाला दाबोळीला वर्षातून दोनदा जाणे जमते, जे लंडनच्या संपादकाला जमत नाही. पत्र लहान असावे : भेटीची तारीख, संग्रहालयाचे नाव व गाव, पुस्तिकेची आवृत्ती आणि पान, छापलेला क्रमांक, दिसलेला क्रमांक, तो विमानावर कुठे दिसला, आणि सोबत क्रमांकाचे एक छायाचित्र. आपला तर्क लिहायचाच असेल तर तो शेवटी, स्वतंत्र ओळीत, तर्क म्हणूनच लिहावा. पत्राची प्रत पुस्तिकेच्या त्याच पानात घडी करून ठेवावी, म्हणजे नवी आवृत्ती आल्यावर पहिल्यांदा कोणते पान उघडायचे ते शोधावे लागत नाही.